क्लायंटच्या नोंदी: स्प्रेडशीट की ॲप?

पर्सनल ट्रेनर हा निर्णय सहसा क्लायंटच्या संख्येवर घेतात. पाच-सात असले की शीट, वीस झाले की ॲप. मी आधी एवढंच विचारेन की सेटची नोंद कोण करणार, तुम्ही की क्लायंट?

तुम्ही समोर उभं राहून व्यायाम करून घेता आणि आकडेही तुम्हीच लिहिता, तर गूगल शीट्स किंवा एक्सेल पुरेसं आहे. ८० किलोचे ५ रेप्स (सलग आवर्तनं) झाले की एपलीच्या सूत्राने (वजन × (१ + रेप्स ÷ ३०)) अंदाजे वन-रेप मॅक्स (एकदाच उचलता येईल असं कमाल वजन) ९३ किलो निघतो, आणि त्याच्या ७५ टक्के म्हणजे ७० किलो पुढच्या रकान्यात आपोआप येतात. शिवाय प्रोग्रॅम तुमच्या डोक्यात असतो तसाच मांडता येतो. ॲपच्या ठरलेल्या साच्यात क्लस्टर सेट (मध्येच छोटे थांबे घेत केलेला सेट) बसवायला गेलात की फरक कळेल. पॅकेजमधली किती सेशन्स उरली, हे तर शीटमध्ये एका वजाबाकीचं काम.

क्लायंटने स्वतः लिहायचं असेल तर मात्र शीट लंगडी पडते. दोन सेटच्या मध्ये, घामेजल्या बोटांनी झूम करत नेमका सेल शोधण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो. चुकून सूत्रावरच आकडा टाइप झाला तर व्हर्जन हिस्टरी उघडून ते परत आणायचं कामही तुमचंच. ट्रेनराइझ, ट्रूकोचसारख्या ॲपमध्ये आजचा व्यायाम व्हिडिओसकट समोर येतो आणि कोणी दांडी मारली तेही तुम्हाला दिसतं. ऑनलाइन कोचिंग करणाऱ्याने ॲपच घ्यावं.

खर्चाचं म्हणाल तर ॲपचं भाडं बहुधा दरमहा असतं आणि क्लायंट वाढतील तसं वाढतं. शीट फुकट, पण दर आठवड्याला टॅब कॉपी करण्यात आणि आठवणीचे मेसेज पाठवण्यात जाणारा वेळ तुमचा.

शीटच घेतलीत तर प्रत्येक क्लायंटची फाइल वेगळी ठेवा. लपवलेला टॅब एडिटचा हक्क असलेला कोणीही उघडू शकतो, आणि त्यात दुसऱ्याच्या दुखापती, आजारपणं असतात. ॲप घेण्याआधी सगळा इतिहास बाहेर काढून नेता येतो का ते तपासा. ट्रायल मिळाली तर त्यात तुमचा सगळ्यात आळशी क्लायंट घाला. दोन आठवड्यांनी त्याच्या नोंदी दिसत असतील, तरच पैसे भरा.