‘ओरिजिनल कोड’ सांगून 3,40,000 रुपयांना गंडवलं, सावध राहा

दादर-परळच्या लहान दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं अॅप काढायचं म्हणून अंधेरीतल्या एका डेव्हलपरला काम दिलं. 1,40,000 अॅडव्हान्स, 2,00,000 डिलिव्हरीला. करारात स्पष्ट होतं: सगळा कोड स्वतः लिहिलेला, मालकी माझी. पुढचं या धंद्यातल्यांना सांगायला नको. फुकटचा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट उचलला, रंग बदलले, माझा लोगो चिकटवला, झालं.

डिलिव्हरीच्या दिवशी त्याच्या लॅपटॉपवर फोल्डर उघडं होतं. त्यात ‘लायसन्स’ नावाची फाइल दिसली. हे काय, विचारलं. “अहो सर, ते सगळ्यातच येतं, फॉर्मॅलिटी असते,” म्हणत त्याने माझ्या डोळ्यांदेखत ती डिलीट केली. तिथेच हात धरायला हवा होता! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण मी विक्रीतला माणूस, कोड वाचणारा नाही. सहीचा करार हातात असताना संशय का घ्यायचा?

ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या आयटीवाल्याला दोन फाइलींत मूळ लेखकाचं नाव पुसायचं राहिलेलं सापडलं. लायसन्स, म्हणजे तो कोड कुठल्या अटींवर वापरायचा त्याचा परवाना, एजीपीएल नावाचं, 2007 सालचं. विकायला त्यात मनाई नाही. पण मूळ कॉपीराइटच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि बदललेलं सॉफ्टवेअर नुसतं सर्व्हरवरून वापरायला दिलं तरी वापरणाऱ्यांना सोर्स कोड द्यावा लागतो. मी काय दिलं? काहीच नाही. लबाडी त्याची आणि लायसन्स मोडणारा मी! कुठलाही कोड घेताना गिटची पूर्ण हिस्टरी, म्हणजे कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद, मागा. त्याने मला नुसती झिप दिली होती.

पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी मामला आहे, वकील गाठा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63 खाली शिक्षा आहे म्हटलं, तर साहेब म्हणतात, “कॉपीराइट तुमचा आहे का? ज्याचा आहे त्याला आणा.” परदेशातल्या लेखकाला आता मी ठाण्यावर आणायचं? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्हीच राजीखुशीने भरलेत, म्हणाले. ग्राहक आयोगाचं विचारलं तर व्यापारी कारणासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. अरे, मग मी आहे तरी कोण? जीएसटी भरताना बरा चालतो! वकिलाच्या नोटिशीचे 15,000 गेले ते वेगळेच.

कोडमध्ये वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीची (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडची) लायसन्ससह यादी करारात लिहून घ्या. एमआयटी या सैल अटींच्या लायसन्सवाली असली तरी तिची कॉपीराइट नोंद ठेवावीच लागते. कोडमधली लायसन्स आणि कॉपीराइटच्या नोंदी शोधणारं स्कॅनकोड नावाचं फुकट टूल आहे, ओळखीच्या पोराकडून ते चालवून घ्या. आणि शेवटचा हप्ता त्याचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय सोडू नका, समोरचा कितीही “सर, सर” करो.