क्रोफर २२ एपीयू पत्रा: पैसे वसूल, पण कोटिंगवाल्याने रडवलं

आधी आम्ही फ्युएल सेलच्या (इंधनापासून थेट वीज करणारं उपकरण) इंटरकनेक्टसाठी, म्हणजे एक सेल दुसऱ्याला जोडून करंट नेणाऱ्या पत्र्यासाठी, साधं ४३० स्टेनलेसच वापरायचो, स्वस्त आणि कुठेही मिळतं म्हणून. पण ८०० डिग्रीला हवेत भट्टीत ठेवलं आणि काही आठवड्यांनी काढलं तर कोपऱ्यावर नखाने खरवडलं की काळा पापुद्रा सुटून टेबलावर पडायचा, आणि त्यात सिलिकॉन असल्यामुळे आतल्या बाजूला सिलिकाचा थर धरतो, तो करंट अडवतो ते वेगळंच.

मग क्रोफर मागवलं, म्हणजे फ्युएल सेलसाठीच बनवलेलं खास स्टेनलेस. साधारण २२ टक्के क्रोमियम, थोडं मँगनीज, किंचित लँथनम, सिलिकॉन-अॅल्युमिनियम मुद्दाम कमी. आत क्रोमियम ऑक्साइड, वर मँगनीज-क्रोमियमचा स्पिनेल (दोन धातूंचं मिळून बनलेलं ऑक्साइड) असा दुहेरी थर बनतो आणि लँथनममुळे तो घट्ट चिकटून राहतो. खरंच राहिला, नखाने काही सुटेना!! महाग आहे, लेझर कटिंगचे वेगळे मोजा, तरी तक्रार नाही.

पण नुसत्या पत्र्यावर विसंबू नका हां, क्रोमियमची वाफ तरीही निघते आणि कॅथोड (सेलचा हवेकडचा इलेक्ट्रोड) खराब करते, म्हणून वर मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचं कोटिंग लागतंच. ते एका बाहेरच्या शॉपकडून करून घेतलं (नाव नको) तर मधे मस्त, चॅनेलच्या (पत्र्यावरच्या वायू जाण्याच्या खाचा) कडांना मात्र इतकं पातळ की भट्टीतून काढल्यावर कडांचा रंगच वेगळा दिसत होता. फोन केला तर म्हणे ड्रॉइंगमध्ये कडा लिहिल्या नव्हत्या. अहो कडा काय वेगळ्या लिहायच्या असतात का?

पत्र्याला साडेचार स्टार, कोटिंगला दीड.