२०० ग्रॅमची घोड्याची झूल पुण्याच्या थंडीत: नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा अनुभव

बाहेरून ६०० डिनिअरचं (डिनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर, आत २०० ग्रॅम भरण, छातीला दोन बकलं, पोटाखाली फुलीसारखे दोन पट्टे, मागच्या मांड्यांना दोन वाद्या. सिंहगडाच्या पायथ्याकडची उघड्या माळावरची पागा. दोन जवान मारवाडी घोडे आणि एक दात झिजलेली म्हातारी घोडी. निकाल आधीच सांगतो: झूल चांगली आहे, पण तिघांपैकी गरज एकट्या म्हातारीला होती.

पहिला गोंधळ होतो तो ग्रॅमचा. २०० ग्रॅम हे झुलीचं वजन नव्हे, एका चौरस मीटरमध्ये किती भरण आहे त्याचा आकडा. या झुली जिथल्या हवेसाठी बेतल्या जातात तिथे गारठा दिवसभर टिकतो. कॅनडासारख्या मुलखात सरावलेला, अंगावर हिवाळी केस आलेला, पोटभर वैरण मिळणारा घोडा कोरड्या हवेत उणे १५ अंशांपर्यंत झुलीशिवाय निभावतो. थंडीची फारशी सवय नसलेल्यालाही साधारण ५ अंशांपर्यंत वेगळी ऊब लागत नाही. आपल्याकडे कडाका पडला तरी पहाटे ७-८ अंश, आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० अंश. पुण्याची थंडी रात्रपाळी करते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

झूल रात्री आठला घातली तर सकाळी उन्हं दारात आली की काढायचीच, फार तर साडेनऊपर्यंत. अकरापर्यंत राहिली की खांद्यामागे आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो त्या जागी घाम धरतो. ओले केस चिकटून बसतात, त्यांच्यात हवा राहत नाही, आणि त्याच ओल्या अंगावर संध्याकाळी पुन्हा झूल पडली की रात्री घोडा झुलीखालीच गारठतो. काही दिवसांत पाठीवर खपल्या आणि केसांचे झुपके निघायला लागतात. मोतद्दाराची (घोडे सांभाळणाऱ्याची) सुट्टी असेल आणि सकाळी झूल काढायला दुसरं कोणी नसेल, तर त्या रात्री ती न घातलेली बरी. तपासायचं असेल तर कान चाचपू नका. खांद्यामागे झुलीखाली हात घाला. कोमट, कोरडं लागलं तर ठीक. दमट लागलं की जास्त झालं.

पातळ सुती चादर हा मधला मार्ग वाटतो, पण तो फसवा आहे. थंडीत घोडा केस उभे करून हवा धरून ठेवतो. चादर ते केस दाबते आणि स्वतः काहीच ऊब देत नाही. एक तर भरण असलेली झूल घाला, नाहीतर केस मोकळे सोडा.

आता मापाकडे. टेप छातीच्या मध्यापासून खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून आडवा शेपटीच्या कडेपर्यंत न्यायचा. मापं तीन-तीन इंचांच्या टप्प्यानं येतात. मारवाडी घोडा छातीला अरुंद आणि मानेला उंच, त्यामुळे लांबी जुळली तरी गळा मोठा होतो, झूल मागे सरकते आणि सगळा भार मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर येतो. आमच्या झुलीत हेच झालं: तिसऱ्या आठवड्यात दोन्ही खांद्यांच्या टोकांवर रुपयाएवढे केस गेले. आतून खांद्याला सॅटिनचा तुकडा शिवून घेतला, तेव्हा घासणं थांबलं. छातीचं बकल लावल्यावर आत सपाट हात सरकला पाहिजे, पोटाखालचे पट्टे चार बोटं सैल, आणि मागची एक वादी दुसरीतून ओवून घ्यायची म्हणजे दोन्ही मांड्यांपासून लांब राहतात. काढताना मागच्या वाद्या सर्वात आधी सोडा. पुढचं सगळं सुटलं आणि मागची वादीच अडकून राहिली, की झूल पायांत येते, घोडा बिथरतो आणि लाथा सुरू होतात.

दोष दोन. छातीवरच्या बकलावर वेल्क्रोची पट्टी आहे. तिच्यात कडब्याचं कुसळ आणि केस अडकून महिन्याभरात ती धरेनाशी झाली. दुसरं, पोटपट्टा जिथे शिवलाय तिथली शिलाई एकेरी आहे. तिथूनच कापड उसवलं. खोगीर शिवणाऱ्याकडून मेणदोऱ्याची दुहेरी टीप मारून घेतली. कड्या बंद करताना उघडं तोंड घोड्याच्या अंगाकडे ठेवा, नाहीतर अगाडीच्या, म्हणजे घोडा पुढून बांधायच्या, दोरात अडकतात.

खरं सांगायचं तर झुलीपेक्षा जास्त फरक वैरणीनं पडतो. सुक्या चाऱ्याचं आतड्यात आंबवण होतं आणि त्यातून तासन्‌तास ऊब निघत राहते. चंदी (दाणे) वाढवून ते होत नाही. ३५०-४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा धरला, तर कडाक्याच्या रात्री वर किलो-दीड किलो गवत किंवा कडबा द्या, तोही झोपायच्या वेळी. मात्र पहाटे टाकीतलं पाणी इतकं गार असतं की जनावर तोंड लावून सोडून देतं. सुका चारा जास्त, पाणी कमी, म्हणजे पोटशुळाला आमंत्रण. एक बादली कोमट पाणी आणि समोर मिठाचा खडा, एवढ्यानं पिणं वाढतं.

आणि तबेला प्लास्टिकनं गच्च बंद करू नका. लघवीचा अमोनिया खाली साठतो, खोकला सुरू होतो. वाऱ्याच्या बाजूला घोड्याच्या पाठीएवढ्या उंचीपर्यंत बारदान, वर मोकळं. शेकोटी आत नकोच. धूर कोंडतो, आणि भुसा पेटायची भीती.

बाकी जनावरांचं थोडक्यात. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला १५ अंशांखाली पांघरूण लागतं. दुहेरी गोणपाट पुरतं, दोरी छातीला आणि पोटाला बांधा, गळ्याला नको, आणि ओलं झालं की लगेच बदला. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली गर्दी करून बसली तर गार, कडेला पांगली तर गरम. दिवा साखळीनं टांगायचा, वायरीनं नाही. वायर सुटून दिवा खाली पडला की आग लागते.

पुन्हा घेताना १०० ग्रॅमची, वेल्क्रो नसलेली, खांद्याला चुण्या असलेली बघू. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण. कपड्यांच्या पावडरीनं वरचा पाणीरोधक थर जातो. सावलीत वाळवून पावसाळ्याआधी पत्र्याच्या पेटीत ठेवा. गोणीत भरून ठेवली तर उंदीर आतलं भरणच पळवतात, आणि पुढच्या नोव्हेंबरात छातीकडचा भाग नुसता कापडाचा निघतो.