लाकडी काडी की विजेची तार?

संगीत नाटकातला ऑर्गन रीडवर वाजतो, जर्मन चर्चमधला नळ्यांवर. पट्टी दाबली की नळीत हवा सोडणारी, नळीखालची झडप उघडायला हवी. ती उघडायची कशी, एवढाच प्रश्न. फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमध्ये गॉटफ्रीड झिल्बरमानने १७१४ साली पुरा केलेल्या ऑर्गनमध्ये हे काम लाकडाच्या लांब, बारीक काड्या करतात. झडप उघडताना आतल्या हवेचा अडसर बोटाला जाणवतो, मग ती पटकन सुटते. विजेच्या यंत्रणेत पट्टी म्हणजे नुसतं बटण; तारेतून वीज जाते आणि विद्युतचुंबक झडप उघडतं. सोय मात्र मोठी: वादकाला नळ्यांपासून लांब, खाली गायकांजवळ बसता येतं. काडी तुटली तर छोट्या कारखान्यातला कारागीर नवी तासून देतो. जुनं विद्युतचुंबक जळलं की तसंच दुसरं शोधत फिरा. मी काडीच्या बाजूचा, पट्ट्या जड लागल्या तरी.