लर्निंग टॉवर घेताना पॉलिश नको, पायरी बघा

दीड-दोन वर्षांचं मूल ‘हांवच करतां’ (मीच करतो) म्हणत ओट्याला लोंबकळू लागलं की घरात लर्निंग टॉवरचा, म्हणजे मुलाला उभं राहून ओट्यापर्यंत पोचता यावं अशा कठडेवाल्या उंच स्टुलाचा विषय निघतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या मांडणीत साधारण दीड ते तीन वर्षं हा स्वायत्ततेचा टप्पा. सारखं अडवलं, चिडवलं की त्याच जागी लाज आणि स्वतःविषयी शंका रुजते. म्हणून टॉवरची खरी परीक्षा एकच: मूल आपलं आपण चढतं-उतरतं का? उचलून आत ठेवावं लागत असेल तर ती नुसती उंच खुर्ची.

पहिली पायरी 20 सेंमीपेक्षा उंच नको. आपल्याकडे ओटा बहुधा 80 ते 85 सेंमीचा. दोन वर्षांच्या मुलाला उभं राहायची फळी 40 सेंमीवर लागते, तीन वर्षांच्या मुलाला 30 वर. ओटा कोपराच्या किंचित खाली आला पाहिजे. त्यामुळे एकाच उंचीचा टॉवर वर्षभरात वाया जातो, फळी वर-खाली करता येईल अशा खाचा असलेलाच घ्या. कठड्यातली फट 9 ते 23 सेंमीच्या दरम्यान असेल तर सरळ नाकारा, तिथे डोकं अडकतं. पाया वरच्या भागापेक्षा रुंद हवा. वरचा दांडा धरून मागे ओढा. टॉवरचा पाय उचलला गेला तर घेऊ नका, कारण मूल ओट्याला पाय लावून रेटतंच.

गोव्यात एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) विचारही नको, एका पावसाळ्यात कडा फुगतात. सुताराकडून फणसाच्या लाकडात करून घेतलेला टिकतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. खाऱ्या हवेत साधे गंजून ढिले पडतात.

वापरताना टॉवर ओट्याला चिकटून, शेगडीपासून हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावा. सुरी, मिक्सर आधीच हलवा. पहिलं काम तांबडी भाजी निवडण्याचं द्या: पानं एका ताटात, देठ दुसऱ्यात. पाणी ओतायला लहान तांब्या, तोही पाव भरलेला. सांडणारच. फडकं मुलाच्या हाताशी ठेवा आणि पुसू दे त्यालाच. आपण झडप घालून पुसलं की निम्मं काम फुकट जातं (आज्यांना हे पटवणं सर्वांत कठीण). मोठं माणूस मात्र बाजूलाच हवं. काम झालं की टॉवर स्वयंपाकघराबाहेर, नाहीतर मूल एकटं असताना चढतं.

जून ते सप्टेंबर फरशी दमट असते. तळाचे रबर साबणाने धुवून कोरडे करा, आणि महिन्यातून एकदा सगळे स्क्रू आवळा.