समुद्रावरचा कार्बन ट्रायपॉड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वापर ऑक्टोबर ते जून, कोकणात हरिहरेश्वरपासून निवतीपर्यंतच्या किनाऱ्यावर. कॅमेऱ्याचा हा ट्रायपॉड चार टप्प्यांचा, कार्बन फायबरचा, पिळून आवळायच्या लॉकचा, बॉल हेडसकट (कॅमेरा बसवायचा, हवा तसा वळणारा गोळ्याचा माथा) पावणेदोन किलोचा. खोक्यावर बारा किलो पेलतो असं छापलं आहे, पण समुद्रावर त्या आकड्याला अर्थ नाही. तिथे बघायचं ते एवढंच की सगळ्यात खालचा सांधा हत्यार न लावता उघडून धुता येतो का. याचा येतो, म्हणून तो अजून कामाचा आहे.

पाय उघडायची रीत समुद्रावर उलटी करावी लागते. एरवी जाड नळी आधी ओढतात. पाण्यात उभं करायचं असेल तर सगळ्यात बारीक, खालची नळी आधी पूर्ण ओढायची. मग तिचा लॉक वाळूपासून ३५ सेंटीमीटर वर राहतो आणि साध्या लाटेत भिजत नाही. थोडी थरथर वाढते, पण सांध्यात वाळू जाण्यापेक्षा ते परवडतं. मधला दांडा मात्र वर काढूच नये.

खरा त्रास रुतण्याचा. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि एक पाय हळूच खाली जातो. डोळ्याला कळत नाही, फोटोत क्षितिज दुहेरी येतं. पाय हाताने जोर लावून रुतवायचे, दोन लाटा जाऊ द्यायच्या, मग क्षितिज सरळ करायचं. परतणाऱ्या फेसाच्या रेघा अर्ध्या ते एक सेकंदात सुंदर येतात. ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा) १/६० चं एक सेकंद करतो, त्यामुळे वाळूवर तोच पुरतो. १० स्टॉपचा तेच १६ सेकंदांवर नेतो. तो कातळावर लावावा.

भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. मुंबईकडे तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती, हा जुना ठोकताळा. जागेनुसार तासभर मागेपुढे होतं, म्हणून तक्ता बघावाच. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी आणि ओल्या पुळणीत आकाश उतरलेलं. ट्रायपॉडला सगळ्यात सोयीची चतुर्थी-पंचमी: भरती तीन-पावणेचारची, संध्याकाळी पाणी उतरत असतं आणि कातळ एकेक करून उघडे पडतात. एकादशीला उलट, अंधार पडताना पाणी चढतं. हरिहरेश्वरच्या देवळाची प्रदक्षिणेची वाट भरतीत पाण्याखाली जाते. तिथे चढत्या पाण्यात ट्रायपॉड मांडूच नये.

घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुणं. कोरडं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं, म्हणून नुसतं पुसून भागत नाही. दर चार-पाच वापरांनी सांधे उघडायचे, एका वेळी एकच पाय, कारण तिन्ही पायांचे भाग मिसळले तर घट्टपणा बिघडतो. लॉकची कडी पूर्ण फिरवून काढा, नळी सावकाश ओढा. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्या हमखास घरंगळतात, म्हणून खाली कापड अंथरा. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, पूर्ण वाळवणं. पाणी न सोसणारं ग्रीस वापरू नका. ग्रीस फक्त आट्यांना, तेही बोटाने पातळ पसरून. नळीला लावलं तर वाळू त्यालाच चिकटते. पट्ट्यांचे खुंट नळीच्या भोकांत बसले की मगच आत ढकला. कडी फिरवताना कर्रकर्र आवाज आला तर जोर न लावता पुन्हा धुवा. एक कण आटे कापून टाकतो.

आता काय बिघडलं ते. कार्बन गंजत नाही, पण त्याला लागून असलेलं ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात जास्त लवकर झिजतं. सहाव्या महिन्यात दोन कड्यांच्या आत पांढरी भुकटी दिसली, न धुतलेल्या एका मुक्कामानंतर. पायांच्या कोनाच्या खटक्यांचे स्क्रू तांबूस झाले आहेत. हेडच्या फिरत्या तळात वाळू गेली की ती निघत नाही, त्यामुळे वाऱ्यात हेडवर पिशवी हवीच. पायांच्या टोकांचे रबरी बूट नुसते दाबून बसवलेले; ओली वाळू त्यातला एक ओढून घेऊन गेली. घेताना आट्यांनी बसणारे, टोकदार खिळे लावता येणारे बूट बघून घ्या. खालच्या हुकाला पिशवी लोंबती ठेवू नका, वाऱ्यात ती झुलते आणि कॅमेरा हलवते. तिचा तळ वाळूला टेकेल इतकीच खाली सोडा.