बँड घातला, पण कट कोण मोजणार?
चार महिने झाले हातात कॅलरीवाला बँड घालून फिरतोय, वजन साडेतीन किलो कमी झालंय पण सगळं श्रेय बँडला द्यायला मन होत नाही. रोज सकाळी रंकाळ्यावर चालतो, पावलं आणि हार्टरेट बरोबर दाखवतोय, पण कॅलरीचा आकडा म्हणजे नुसता अंदाज बघा, मागच्या बाजूची हिरवी लाईट नाडी बघते आणि वय वजन धरून हिशोब लावते. 2017 ला स्टॅनफर्डवाल्यांनी 7 बँड तपासले होते, त्यातला सगळ्यात चांगला पण सरासरी 27 टक्के चुकला! माझा तर गाडीवर खड्ड्यातनं गेलं की पावलं वाढवतोय 😂

आणि खाल्लेलं त्याला कळत नाही, ते ॲपमध्ये आपणच लिवायचं. मिसळ सापडते हो लिस्टमध्ये, पण वरनं दोनदा घेतलेला कट आणि जादा पाव? बँडनं 400 जाळल्या म्हटलं की मी बिनधास्त मिसळ हाणायचो, पहिला महिना काटा जागचा हलला नाही तो ह्याच्यामुळंच. आता तो आकडा बघतच नाही, फक्त पावलं बघतो. पट्ट्यानं मनगटावर पुरळ येतंय ते वेगळंच, रात्री काढून ठेवतो.

5 पैकी 3.